जुना पृथ्वीगोल हाती लागला? या चुका टाळा

शाळेच्या भंगारात कधीतरी जुना पृथ्वीगोल सापडतो, आणि घेणारा आधी त्यावर ओलं फडकं फिरवतो. कृपा करून हे करू नका. गोलावरचा नकाशा म्हणजे चिकटवलेल्या निमुळत्या छापील कागदी पट्ट्या आणि त्यावर रोगण. रोगणाला तडे गेलेले असले, की पाणी आत शिरतं आणि कागद फुगतो.

परभणीचा एक तरुण असाच लख्ख पुसलेला गोल घेऊन आला. "सर, यावर सयाम लिहिलंय, म्हणजे १९३९ च्या अगोदरचा!" पैसेही त्याच हिशेबानं मोजलेले. मी भिंग लावलं. पोलंडची हद्द ओडर नदीपर्यंत आलेली, म्हणजे छपाई १९४५ नंतरची. सयामचं थायलंड १९३९ मध्ये झालं खरं, पण महायुद्ध संपल्यावर काही वर्षं ते पुन्हा सयाम होतं.

सिंधू नदीजवळ मात्र फिकट चौकोन होता, कडेला सुकलेला डिंक. "तिथं एक चिठ्ठी होती, पुसताना निघाली. फेकून दिली." काय होतं तिच्यावर? "पाकिस्तान."

मला फार वाईट वाटलं. नकाशा बदलला की शिल्लक गोलांवर नव्या नावाची चिठ्ठी डकवून ते विकले जात. ही चिठ्ठी ऑगस्ट १९४७ नंतरची. आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्याच राज्यात होती. त्या उलथापालथीची एवढी जवळची खूण मोरीत वाहून गेली.

दुसरी चूक यातच आली: एका नावावर वर्ष ठरवणं. मी वहीत दोन रकाने आखतो, 'कधीनंतरचा' आणि 'कधीपूर्वीचा'. पहिल्यावर माझा भरवसा जास्त. इराण छापलंय तर गोल बहुधा १९३५ नंतरचा. पण पर्शिया दिसलं म्हणून तो त्यापूर्वीचा ठरत नाही, जुनी नावं बरीच वर्षं छापली जात. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचं पेट्रोग्राड हे नाव १९१४ ते १९२४ एवढंच टिकलं. जपाननं मांचुरियात उभं केलेलं मांचुकुओ हे राज्य १९३२ ते १९४५, पण कित्येक देशांनी त्याला मान्यताच दिली नव्हती. ते नसणं हा पुरावा नव्हे. दहाबारा नावं तपासायला एक संध्याकाळ लागते. फोटो पाठवून लगेच वर्ष विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

नवं रोगण लावू नका. स्टँडवरून गोलाचं वय काढू नका, स्टँड बदललेले असतात.

धूळ मऊ कोरड्या ब्रशनं झाडा. चिठ्ठी सुटलीच, तर पाकिटात घाला आणि ती कुठून निघाली ते पाकिटावर पेन्सिलीनं लिहा.