शिक्षण धोरणाचा मसुदा लोकांपुढे कसा न्यावा

हरकती-सूचना मागवणं सोपं. गाडं अडतं ते आलेल्या सूचना वाचायच्या कोणी आणि कशा, इथे. म्हणून आधी जाहिरात नको, वर्गीकरणाचा तक्ता करा. मुद्दा, तो मांडणारा (पालक, शिक्षक, विद्यार्थी, संस्थाचालक), जिल्हा, भाषा, मसुद्यातलं कलम आणि शेवटी निर्णय, एवढे रकाने पुरतात. त्याच 200 सूचना दोन वाचकांना स्वतंत्रपणे वाचून तक्त्यात भरायला द्या. शंभरात वीसहून जास्त ठिकाणी दोघांचं जुळलं नाही, तर प्रकारांच्या व्याख्या सैल आहेत असं समजा. त्या नीट करून पुन्हा चाचणी घ्या.

मग प्रश्न. भारतात 2015 साली नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाची चर्चा सुरू झाली ती 33 विषयांवर: 13 शालेय शिक्षणाचे, 20 उच्च शिक्षणाचे. व्याप्ती सरकारने सांगितली ती अडीच लाख ग्रामपंचायती, 6,600 तालुके-गट आणि 676 जिल्ह्यांची. सूचना दोन लाखांहून अधिक. आकडा भारदस्त आहे खरा, पण भागाकार केला तर ग्रामपंचायतीमागे जेमतेम एक सूचना येते.

एका सभेत तीन ते पाचच प्रश्न ठेवा. ‘शिक्षणाचा दर्जा कसा सुधारावा?’ असं विचारलं की ‘शिक्षक वेळेवर यावेत’ एवढंच हाती लागतं. त्याऐवजी विचारा: पहिलीपासून तिसरी भाषा हवी का, आणि हवी असेल तर तिच्या तासिका कोणत्या विषयातून काढायच्या? काय सोडावं लागेल ते सांगितलं नाही, तर कुठल्याही चांगल्या गोष्टीला सभा होच म्हणते. जे आधीच ठरलंय ते मात्र तसं सरळ सांगून टाका. महाराष्ट्रात एप्रिल 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, विरोध झाला, 29 जूनला माघार घ्यावी लागली आणि लोकांचं म्हणणं ऐकायला डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती आली. समितीचं काम शासन निर्णयाच्या आधी व्हायला हवं होतं.

सभा कुठे आणि कधी, यावर कोण बोलणार ते ठरतं. नुसत्या ग्रामसभेवर विसंबू नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. तिथून सुरुवात करा, बायकांची बैठक वेगळी घ्या. गटशिक्षणाधिकारी समोर बसले की शिक्षक बोलत नाहीत, तेव्हा शिक्षकांची चर्चा साहेबांना वगळून. दसऱ्याच्या सुमारास बीडकडची ऊसतोड कुटुंबं गाव सोडतात. डिसेंबरात गावात सभा लावली, तर ज्यांच्या मुलांची शाळा दरवर्षी तुटते तेच पालक गैरहजर राहणार. त्यांच्यासाठी फडावर जा, तेही संध्याकाळी.

इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ लिहू देऊ नका, त्यातून काहीच कळत नाही. बोलणाऱ्याचं वाक्य जसंच्या तसं, त्याच्या बोलीत उतरवा. विरोध किती जणांचा होता तेही लिहा.

मुदतीत काटकसर नको. कायद्याच्या मसुद्यांसाठी केंद्राचं 2014 चं धोरण किमान 30 दिवस सांगतं. शिक्षणाला 90 द्या. त्याच राष्ट्रीय धोरणाचा कस्तुरीरंगन समितीने केलेला 484 पानी मसुदा 31 मे 2019 ला खुला झाला आणि मुदत आधी होती जूनअखेरची. त्यातला काही काळ शाळांना सुट्टी, उरलेला प्रवेशांची धांदल. अर्थातच मुदत वाढवावी लागली. जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर हा काळ बरा. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचा, तो टाळा. संपूर्ण मसुदा सगळ्या भाषांत एकाच दिवशी द्या, सोबत चार पानी सारांश. केवळ सारांशाचं भाषांतर केलं, तर लोक सारांशावरच भांडतात.

कस्तुरीरंगन समितीच्या त्याच मसुद्यातलं, अहिंदी राज्यांतही हिंदी शिकवण्याचं कलम तमिळनाडूतल्या विरोधानंतर तीनच दिवसांत, 3 जूनला बदललं गेलं. 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांत आलं, त्यामुळे भाषा, परीक्षा आणि निधी यांवरची कलमं प्रसिद्धीपूर्वीच राज्यांना दाखवून घ्यावीत. वाद टळत नाही, पण कुठे पेटणार ते कळतं.

एकाच मजकुराची हजारो पत्रं येतील. ती फेकू नका आणि हजार मुद्देही मोजू नका: मुद्दा एक, सह्या इतक्या, अशी नोंद करा.

अंतिम मंजुरीआधी उत्तर अहवाल काढा. प्रत्येक कलमापुढे मान्य, बदलून मान्य किंवा अमान्य, आणि कारण. ‘विचार करण्यात येईल’ हे कारण नव्हे; ‘यासाठी लागणारे शिक्षक नाहीत’ हे कारण आहे. जी मागणी मान्य केली तिच्यापुढे खर्च आणि तो केंद्राने करायचा की राज्याने, हेही लिहा. सभा झालेल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला छापील प्रत पाठवा आणि त्या गावाचा मुद्दा कोणत्या पानावर आहे ते वरच नोंदवा.