कर्नल पॅनिक आला म्हणून फॉर्मॅट मारू नका

लिनक्सचा नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) स्वतः कंपाइल करून टाकला, रीबूट केलं आणि काळ्या स्क्रीनवर ‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’ अशी ओळ येऊन सगळं थिजलं (हाच कर्नल पॅनिक), तर आधी श्वास घ्या. तुमचा डेटा जागेवर आहे. आपल्याकडे जळगाव-भुसावळला कुणालाही विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘भाऊ, फॉर्मॅट मार!’ असा सल्ला देणाऱ्याकडून लिनक्स शिकायला जाऊ नका.

उबुंटूवर मशीन चालू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबलं की ग्रबचा, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू येतो. त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. म्हणूनच नवा नीट चालेपर्यंत जुना काढायचा नाही, जागा कितीही कमी पडो.

आता कंसातले आकडे वाचा. (८,१) असं काही असेल तर डिस्क आणि पार्टिशन सापडलंय, बहुधा फाइल सिस्टिमचा सपोर्ट नाही. कॉन्फिगमध्ये (कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याच्या यादीत) ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम चालू आहे का बघा. (०,०) म्हणजे कर्नलला डिस्कच दिसली नाही. डिस्कचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून, म्हणजे कर्नलबाहेरची वेगळी फाइल म्हणून, बांधलेला असतो आणि ते मॉड्यूल त्याच डिस्कवर पडलेलं असतं. हा पेच सोडवायला इनिटरॅमएफएस असतं: बूट होताना आधी मेमरीत उतरणारी, लागणारे ड्रायव्हर सोबत असलेली फाइल. ते तयारच झालं नसेल, तर कर्नल कितीही बरोबर कंपाइल झालेला असो, पुढे सरकत नाही.

ते तयार का होत नाही? मी इथेच सगळ्यात जास्त अडकलो, म्हणून सविस्तर सांगतो. डिस्ट्रोचंच (उबुंटूसारख्या तयार लिनक्सचं) कॉन्फिग उचललं की डीबगची, म्हणजे चुका शोधायला लागणारी, माहितीही सोबत येते. मॉड्यूल फुगतात, त्यांच्यामुळे इनिटरॅमएफएस शेकडो एमबीचं होतं, आणि बूटचं पार्टिशन वेगळं, ५१२ एमबीचं असेल तर ते भरतं. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ ही ओळ बाकीच्या ओळींच्या गर्दीत वर निघून जाते. मग व्हिडिओत सांगितलंय म्हणून आपण अपडेट-ग्रब (ग्रबचा मेनू नव्याने बनवणारी कमांड) देतो, मेनूत नवा कर्नल दिसतो आणि वाटतं, झालं काम. नाही झालं. व्हिडिओ बघून कमांड टाकणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भोवतं.

जुन्या कर्नलमधून बूट फोल्डर उघडा. नव्या व्हर्जनचं व्हीएमलिनझ (कर्नलची फाइल) आहे, पण इनिटआरडी (इनिटरॅमएफएसची फाइल) नाही किंवा अर्धवट आहे? मग अर्धवट फाइल उडवा, ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१’ लावून मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल पुन्हा द्या, त्यानंतर अपडेट-इनिटरॅमएफएस आणि शेवटी अपडेट-ग्रब. अपडेट-इनिटरॅमएफएसला दिलेलं व्हर्जनचं नाव मॉड्यूल्सच्या फोल्डरला आहे तसंच हवं, शेवटचं अधिकचिन्हसुद्धा. आणि रीबूटआधी डीएफ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) देऊन बघायचंच. कंटाळा आला तरी.

आपल्या भागातली एक अडचण राहिली. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर असतो, प्रोसेसर तापून मंदावतो, म्हणून कंपाइल रात्री लावा. मध्येच लाइट गेली तर फार बिघडत नाही. पुन्हा मेक दिलं की झालेलं काम बहुतेक वाचतं. इन्स्टॉल चालू असताना मात्र लाइट जाता कामा नये. लिहिता लिहिता तुटलेली फाइल शून्य बाइटची राहू शकते आणि मेनूत तिचं नाव बिनदिक्कत दिसत राहतं. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर लोडशेडिंगची वेळ उलटून जाऊ द्या, मगच इन्स्टॉलला हात लावा.