अलेप्पीची हाऊसबोट भाड्याने घ्यायची तर: मराठवाड्यातल्या कुटुंबांसाठी

हाऊसबोटीचं भाडं आपण लॉजच्या खोलीसारखं समजून देतो. खोल्या किती, एसी आहे का, फोटो कसे आहेत, एवढं पाहून बुकिंग होतं. पण ही बोट आपण घेतो ती पाण्यावर फिरण्यासाठी, म्हणून आधी ती किती तास चालणार याचा हिशोब करायला हवा.

केरळातल्या अलेप्पीला बहुतेक बोटींवर दुपारी 12 ला चढायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 9 ला उतरायचं, अशी पद्धत आहे. म्हणजे एकूण 21 तास. मात्र संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास बोट काठाला बांधतात, कारण रात्री तिथले मच्छीमार जाळी टाकतात आणि त्यांच्यातून मोठी बोट नेता येत नाही. दुपारच्या जेवणाला तासभर थांबा असतो. सकाळी उतरण्याआधी तासाभराची फेरी. सगळं धरून बोट चालते ती जेमतेम पाच-साडेपाच तास. तुम्ही धक्क्यावर दोन वाजता पोचलात तर त्यातले दोन तास गेले, भाडं मात्र तेवढंच. पुढच्या सगळ्या सूचना हे पाच तास वाचवण्यासाठी आणि ते सुरक्षित जावेत यासाठी आहेत.

कुठे आणि कधी

बहुतेकांनी अलेप्पीच निवडावी. रेल्वेच्या तिकिटावर आणि पाट्यांवर हे गाव अलप्पुझा किंवा आलप्पुळा असं दिसेल, गोंधळू नका. बोटी जास्त, त्यामुळे घासाघीस करायला वाव जास्त. गर्दीही अर्थातच जास्त. वेंबनाड सरोवराच्या पूर्व काठावरचं कुमारकोम थोडं महाग, थोडं निवांत. कोल्लमचं अष्टमुडी सरोवर दक्षिणेला आहे. ज्यांना खरोखर शांतता हवी त्यांनी उत्तर केरळातलं नीलेश्वर आणि वलियपरंबाचा परिसर पाहावा. तिथे बोटी कमी आहेत, आणि कोकण रेल्वेने येणाऱ्याला ते अलेप्पीच्या कितीतरी आधी लागतं.

पैठणला धरणावर उभं राहून नाथसागर पाहिलेल्या माणसाला वेंबनाडच्या रुंदीचं फार नवल वाटणार नाही. नवल वाटतं ते अलेप्पीभोवतीच्या कुट्टनाड भागातल्या शेतांचं. बोट जाते त्या पाण्याची पातळी वर आणि बांधापलीकडचं भाताचं शेत खाली. समुद्रसपाटीपेक्षाही खाली असलेली ही जमीन सरोवरातून बांध घालून काढलेली आहे, आणि पंपाने पाणी उपसून ती कोरडी ठेवतात. घरात कुणी शेती करणारं असेल तर त्यांना बोटीच्या पुढच्या भागात बसवा, ते तास-तास तेच बघत राहतील. भात हिरवागार असतो जानेवारी-फेब्रुवारीत. तोच काळ हवेलाही चांगला, आणि आपल्याकडे सोयाबीन निघून, कापसाच्या बहुतेक वेचण्या उरकून जरा मोकळीक मिळालेली असते. शाळकरी लेकरांमुळे दिवाळीच्या सुट्टीतच जावं लागत असेल तर तेव्हा तिकडे परतीचा पाऊस असतो, दुपारनंतर गडगडाट होऊ शकतो. तरी जायला हरकत नाही. मे महिना मात्र टाळा. आपल्या कोरड्या उन्हाची सवय तिथल्या घामाच्या उकाड्यात कामाला येत नाही.

20 डिसेंबर ते 5 जानेवारी या पंधरवड्यात भाडं खूप चढतं. त्या दिवसांत गेलात तर पैसेही जास्त आणि पाण्यावर बोटींची रांगही. ऑगस्टमध्ये नेहरू ट्रॉफीच्या सर्पनौकांच्या शर्यतीच्या दिवशी पुन्नमडा भागात हाऊसबोटींवर निर्बंध असतात. परंपरेने ती दुसऱ्या शनिवारी होते, पण तारीख पुढेही गेलेली आहे, म्हणून ऑगस्टमध्ये जाणार असाल तर त्या वर्षीची तारीख आधी बघा.

बोट ठरवताना

भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. त्यामुळे दोन भावांची कुटुंबं, आई-वडील, एखादी आत्या असा आपला नेहमीचा गोतावळा असेल तर हाऊसबोट परवडते. दोघांनीच जायचं असेल तर एका खोलीची बोट घ्या. एकाच बोटीत अनोळखी पाहुण्यांसोबत खोली घेणं म्हणजे शेअरिंग. ते स्वस्त पडतं, पण वरचा डेक आणि बोटीचा वेळ दोन्ही वाटून घ्यावे लागतात.

निदान तीन बोटवाल्यांशी बोला. एजंटशी बोलताना पहिला प्रश्न हाच की बोट त्यांची स्वतःची आहे की दुसऱ्याची. एजंट वाईट असतो असं नाही, पण फोटो एका बोटीचे आणि धक्क्यावर दुसरीच बोट, हा प्रकार बहुतेक मधल्या माणसामुळे होतो. म्हणून बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. फोटोऐवजी आजच काढलेला व्हिडिओ मागा, त्यात बोटीचं नाव दिसलं पाहिजे. खरा मालक दहा मिनिटांत पाठवतो.

भाषेची काळजी करू नका. अलेप्पीच्या बऱ्याच बोटवाल्यांना पर्यटकांमुळे कामापुरती हिंदी येते, आणि आपल्या मराठवाडी हिंदीवर भागतं. सरळ विचारा: "बोट कितने घंटे चलेगी? रात को किधर बांधोगे? एसी कितने बजे से कितने बजे तक?"

यातला मधला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि तोच लोक विचारत नाहीत. काही बोटी रात्री धक्क्याजवळच दहा-पंधरा बोटींच्या ओळीत बांधतात. मग खिडकी उघडली की समोर शेजारच्या बोटीची खिडकी, आणि रात्रभर जनरेटरची घरघर. चांगला बोटवाला कैनकरीसारख्या गावाच्या बाजूला, भातशेताच्या बांधाला बोट लावतो, काही ठिकाणी काठावरून वीजही घेतो. तो ठिकाणाचं नाव सांगू शकला नाही तर पुढच्याला फोन लावा.

एसीचं असं की साध्या बोटीत तो रात्री 9 ते सकाळी 6 एवढाच चालतो. दिवसभर हवा असेल तर प्रीमियम बोट. माझ्या मते दिवसा एसीला पैसे घालू नयेत, कारण दिवसा खोलीत बसायचंच नसतं. तेच पैसे घालून वरचा डेक असलेली बोट घ्या.

ठरलेलं सगळं एका मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि समोरून होकार घ्या: तारीख, बोटीचं नाव, खोल्या, माणसं आणि लेकरं किती, चढायची-उतरायची वेळ, जेवणं कोणती, करासह एकूण रक्कम, आगाऊ किती. पावसाचा इशारा देऊन प्रशासनाने बोटी थांबवल्या तर पैसे परत मिळणार का, हेही त्यातच. पूर्ण रक्कम आधी मागणाऱ्याला नको म्हणा. थोडी आगाऊ, बाकीची बोट डोळ्यांनी पाहिल्यावर.

आधी काहीच ठरवायचं नसेल तर अलेप्पीत जिल्हा पर्यटन मंडळाकडे, म्हणजे डीटीपीसीकडे, चौकशी करता येते. गर्दीचा हंगाम नसताना धक्क्यावर जाऊन स्वतः बोटी पाहून ठरवणंही चांगलं, फक्त त्यासाठी सकाळी लवकर जायला हवं.

पोचायचं आदल्या दिवशी

संभाजीनगर-जालन्याकडच्यांनी मुंबई गाठून लोकमान्य टिळक टर्मिनसहून नेत्रावती एक्सप्रेस धरावी, ती कोकण रेल्वेने केरळात उतरते. नांदेड-परभणीवाल्यांना सिकंदराबादहून तिरुवनंतपुरमला जाणारी शबरी सोयीची. लातूर-धाराशिवकडच्यांना सोलापूर जवळ आहे, पुण्याहून कन्याकुमारीला जाणारी गाडी सोलापुरावरूनच जाते. एर्नाकुळमला, म्हणजे कोचीला, उतरलात तर तिथून अलेप्पी साठेक किलोमीटर. गाड्यांच्या वेळा बदलत राहतात, त्या तिकीट काढताना पाहाच. गाडीला उशीर होतो हे धरूनच चाला आणि बोटीच्या आदल्या रात्री अलेप्पीत साध्या लॉजवर मुक्काम करा. लॉजचे थोडे पैसे जातील, पण बोटीचे पाचही तास पूर्ण मिळतील.

धक्क्यावर, पैसे देण्याआधी

सामान चढवण्याआधी पंधरा मिनिटं बोट तपासा. इथे भीड बाळगू नका.

बोटीच्या अंगावर नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो. तो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या क्रमांकाशी जुळवा. नोंदणीचं प्रमाणपत्र, किती माणसांची परवानगी आहे तो आकडा, विमा आणि बोट चालवणाऱ्याचा परवाना दाखवायला सांगा. चालवणाऱ्याला तिकडे स्रांक म्हणतात. कागद नीट असलेला माणूस चिडत नाही.

मग लाइफ जॅकेट. नुसती आहेत का एवढं विचारून भागत नाही. ती कपाटातून बाहेर काढायला लावा, मोजा, एकेक बकल लावून ओढून पाहा. पट्टा तुटलेलं किंवा बकल बसत नसलेलं जॅकेट मोजू नका. लेकरांच्या मापाची वेगळी लागतात, कारण मोठ्यांच्या जॅकेटमधून लहान मूल खालून निसटतं. कमी भरली तर शेजारच्या बोटीतून मागवून घ्या, आणि ती आल्याशिवाय बोट सोडू देऊ नका.

हे सगळं मी इतक्या आग्रहाने सांगतो आहे त्याला कारण आहे. 7 मे 2023 ला केरळातच, मलप्पुरम जिल्ह्यात तानूरला पर्यटकांची बोट उलटून 22 जण गेले. क्षमतेपेक्षा जास्त माणसं, आणि तीही अंधार पडल्यावर. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि 14 जण गेले, त्यात बहुतेक लेकरं होती. शांत पाणी पाहून आपण सैल होतो, आणि हे दोन्ही अपघात अशाच पाण्यात झाले. म्हणून मंजूर आकड्यापेक्षा एकही माणूस जास्त नको, सोयऱ्याचा असला तरी नको. सूर्य मावळल्यावर छोट्या बोटीतून फेरी मारू म्हणणाऱ्याला ठाम नकार द्या.

विहिरीत पोहायला शिकलेल्या आपल्या पोरांना तिथे उडी मारायचा मोह होतो. त्यांना आधीच बजावून ठेवा. जलपर्णीच्या खाली काय आहे ते दिसत नाही, आणि मागे इंजिनाचा पंखा असतो.

तपासणी झाली की बोट कौतुकाने बघा. जुन्या पद्धतीच्या बोटीला केट्टुवळ्ळम म्हणतात, ही मूळची भात आणि मसाल्याचा माल वाहणारी बोट. तिच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसतात, काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या असतात आणि वरून काजूच्या टरफलाचं काळं तेल चढवलेलं असतं. आतल्या बाजूने, पायाशी वाकून पाहिलं तर दोरीचे टाके ओळीने दिसतात. सगळ्या हाऊसबोटी आता अशा नसतात.

जेवण

दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा आणि भजी, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता एवढं भाड्यात असतं. स्वयंपाकी बोटीवरच रांधतो. घरात माळकरी असतील तर बुकिंगच्या मेसेजमध्येच लिहा की शाकाहारी वेगळ्या भांड्यात, आणि मासळी त्याच तेलात तळू नका. चढल्यावर सांगितलं तर फार उपयोग नाही, बाजार आधीच झालेला असतो. पोळ्या हव्यात हेही तेव्हाच सांगा, नाहीतर मैद्याचा परोटा येईल. तिथला तांबूस, जाड मट्टा भात पहिल्यांदा खाणाऱ्याला जड वाटतो, पांढरा तांदूळ मागितला तर मिळतो. खोबरेल तेल आजीला चालणार नसेल तर तेही बोला. सोबत ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि थोडे धपाटे असू द्या.

मासे खाणाऱ्यांनी करिमीन चुकवू नये. दुपारी बोट एखाद्या मासळीच्या दुकानाशी थांबते, तिथे किलोचा भाव आधी विचारा, आणि तळून द्यायचे वेगळे पैसे आहेत का तेही.

पाण्यावर

मोठी हाऊसबोट अरुंद कालव्यांत शिरत नाही, आणि गावं, घरांच्या पायऱ्या, धुणी धुणाऱ्या बायका, नावेने शाळेत जाणारी पोरं हे सगळं त्या कालव्यांतच आहे. म्हणून दुपारी चारच्या सुमारास तासाभरासाठी शिकारा घ्या. तिकडे छप्पर असलेल्या छोट्या बोटीला शिकाराच म्हणतात. भाडं तासावर असतं आणि जॅकेटचा नियम तिथेही तोच.

रात्री डासांसाठी मलम लागेल. प्लॅस्टिक पाण्यात जाऊ देऊ नका, काठावरची घरं हेच पाणी रोज वापरतात. ज्यांना जमेल त्यांनी बोट निवडतानाच पर्यावरण जपणाऱ्या बोटींना मिळणारं केरळ पर्यटन विभागाचं ग्रीन पाम प्रमाणपत्र आहे का ते विचारावं.

एवढा खर्च झेपत नसेल तर मुक्कामाशिवाय दिवसाची बोट मिळते. त्याहून स्वस्तात राज्य जल परिवहन विभागाची प्रवासी बोट आहे. अलेप्पी ते कोट्टायम सुमारे अडीच तास, गावकऱ्यांसोबत बसून, आपल्या एसटीपेक्षाही कमी तिकिटात. तेच सरोवर, तीच शेतं. नुसतं पाणी बघायचं असेल तर मी हीच बोट सुचवेन.

सकाळी 9 ला उतरलात की हिशोब पुरा करा, स्रांक आणि स्वयंपाक्याच्या हातात खुशीने काही द्या, आणि थेट अंबलपुळ्याच्या श्रीकृष्ण मंदिराकडे निघा, अलेप्पीपासून सुमारे 14 किलोमीटर. दुपारी देऊळ बंद होतं, म्हणून रेंगाळू नका. पुरुषांना सदरा काढून आत जावं लागतं. तिथलं पाल पायसम, म्हणजे दूध, तांदूळ आणि साखर आटवून केलेली खीर, प्रसिद्ध आहे. मिळालं तर घ्याच.