डोळे कोरडे पडले तर थेंब कोणते आणि कसे टाकावेत

सोयाबीनची मळणी सुरू झाली की आमच्या परभणीकडे जो तो डोळे चोळताना दिसतो. खाली भुस्कट, वर ऑक्टोबरचं ऊन. आईचे डोळे मात्र दिवाळी सरली तरी चुरचुरत होते. मागं डोळ्यांच्या साथीत आणलेली अँटिबायोटिक थेंबांची बाटली फडताळात होती, तीच ती टाकत राहिली. डॉक्टरांनी बाटली उलटसुलट पाहिली नि म्हणाले, "मावशी, जंतू वाढले म्हणून नाही, पाणी कमी पडलं म्हणून चुरचुरतंय."

जंतू चांगल्या डोळ्यातही असतातच. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस, कोरिनेबॅक्टेरियम ही तिथली नेहमीची मंडळी, पण कातडीच्या मानाने अगदी मोजकी. अश्रूंतली लायसोझाइम, लॅक्टोफेरिन ही द्रव्यं आणि पापण्यांची उघडझाप त्यांना माजू देत नाहीत. (लायसोझाइम शोधलं ते अलेक्झांडर फ्लेमिंगने, १९२२ मध्ये, पेनिसिलिन त्यानंतरचं.) अश्रू आटले की ही राखण ढिली पडते. म्हणून उपाय करायचा तो अश्रूंचा. उठसूट अँटिबायोटिक टाकलं तर गरीब जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे मागे उरतात.

आधी एवढं बघा: एकच डोळा लाल आहे, ठणकतोय, धूसर दिसतंय, बुबुळावर पांढरा ठिपका आहे किंवा काडी-कुसळ लागलंय, तर घरगुती काही न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पिकाच्या काडीने झालेल्या जखमेत बुरशी वाढते आणि मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेले स्टेरॉइडचे थेंब तिला मोकळं रान देतात.

तसं काही नसेल तर सुरुवात शेकाने करा. स्वच्छ पंचा सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवा. गार झाला की पुन्हा पिळायचा. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यातलं घट्ट झालेलं तेल सैल होतं, ते अश्रूंवर पसरतं आणि अश्रू लवकर उडून जात नाहीत. मग उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पापण्यांच्या मुळाशी साचलेला कोंडा पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. कडेवरचे जंतू या तेलाचं विघटन करतात, त्यातून सुटणारी आम्लं झोंबतात; पुसल्याने जंतूंचं ते खाणंच कमी होतं. रांजणातलं किंवा टँकरचं पाणी थेट डोळ्यात नको. मध, गुलाबपाणी, एरंडेल तर नकोच.

आता कृत्रिम अश्रूंचे थेंब. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. बेंझाल्कोनियम क्लोराइड लिहिलेलं असेल तर ते बाटलीत जंतू होऊ नयेत म्हणून घातलेलं प्रिझर्व्हेटिव्ह असतं. पण ते बाटलीपुरतं थांबत नाही. डोळ्यातले जंतू मारतं, बुबुळावरच्या पेशींनाही दुखावतं आणि वारंवार टाकल्यास कोरडेपणा वाढवतं. दिवसातून चारापेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. ते महाग पडतात, हे खरं. शिवाय एकदाच वापरायची छोटी कुपी उरली म्हणून टोपण लावून ठेवायची नाही. आत जंतूंना अडवणारं काही नसतं. अमेरिकेत २०२३ मध्ये अशाच प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या कृत्रिम अश्रूंच्या दूषित बाटल्यांतून सुडोमोनास नावाचा जंतू पसरला आणि काहींची नजर गेली.

हात धुवा, खालची पापणी ओढा, एकच थेंब. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. दुसरं औषध असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.

पापण्यांच्या सुजेसाठी डॉक्टर कधी ॲझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन देतात. ही अँटिबायोटिक औषधं जंतूंना आवरतात आणि सूजही उतरवतात. सायक्लोस्पोरिनचे थेंब जंतू मारण्यासाठी नसतात, सूज कमी करून अश्रू वाढवतात. गुण यायला महिने लागतात, तेव्हा आठवड्यात कंटाळून सोडू नका.

मोठी बाटली फोडल्यावर साधारण महिन्याने टाकून द्यायची. आई आता कॅलेंडरवर गॅसच्या टाकीच्या तारखेखालीच बाटली फोडल्याची तारीख लिहिते.