टेकडीवरील नव्या पायवाटेवर धावताना या चुका टाळा

पुण्यात एखाद्या टेकडीवर नवी पायवाट खुली झाली की पहिल्याच रविवारी धावणाऱ्यांची पावले तिकडे वळतात. हा उत्साह चांगलाच आहे. मात्र रोजच्या वाटेवरचा वेग अनोळखी वाटेवर पहिल्याच दिवशी लावणे ही सर्वांत मोठी चूक होय, आणि मुरगळलेले घोटे व खरचटलेले गुडघे बहुधा तिच्यातूनच येतात. म्हणून नवी वाट आधी एकदा वरपर्यंत चालून यावी आणि उतरताना ती अधिक बारकाईने पाहावी, कारण चढताना निरुपद्रवी वाटलेली जागा उतरताना दगा देते.

यामागचे कारण जमिनीत आहे. आपल्या टेकड्या बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या आहेत आणि त्याची झीज होऊन मुरूम तयार होतो. वाटेवर नव्याने टाकलेला मुरूम एखादा पावसाळा गेल्याखेरीज नीट बसत नाही. उताराकडची कड वरून सपाट दिसली तरी आतून भुसभुशीत असू शकते, त्यामुळे धावताना शक्यतो डोंगराच्या अंगाने राहावे. उन्हाळ्यात कातळावर पसरलेले बारीक खडे पायाखालून छऱ्यांसारखे निसटतात, तर पावसाळ्यात तोच कातळ शेवाळाने निसरडा होतो. दगडी पायऱ्या असतील तर पायरीच्या पुढच्या कडेवर टाच दाबून पाहावी. दगड किंचित जरी डुलला किंवा त्याच्या बुडाशी ताजी फट दिसली, तरी ती पायरी धावत उतरण्याजोगी नाही असे समजावे.

चढावर घड्याळातील वेगाकडे पाहत राहणे ही दुसरी चूक. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे आणि वेताळ टेकडीचा माथा सुमारे 800 मीटरवर. एवढा चढ असताना सपाट रस्त्यावरील किलोमीटरमागची मिनिटे निरर्थक ठरतात. दोन वाक्ये सलग बोलता येतील इतपतच श्वास चढू द्यावा, आणि तेवढेही जमेना तर सरळ चालावे. तीव्र चढावर चालण्यात कमीपणा नाही.

उतारावर लांब ढांगा टाकल्या की प्रत्येक पावलाला टाच ब्रेकसारखी आपटते आणि मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच त्यांना शरीराचा भार पेलावा लागतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून आल्या, तर त्याचे कारण चढापेक्षा उतारातच शोधावे. पावले आखूड व जलद ठेवावीत, गुडघे किंचित वाकलेले असावेत आणि नजर पायाशी न ठेवता तीन-चार मीटर पुढे असावी. पायाच्या बोटांची नखे काळी पडत असतील, तर पाऊल बुटात पुढे सरकत आहे. अशा वेळी घोट्याजवळची लेस घट्ट बांधावी आणि तरीही फरक पडला नाही तर बुटाचे माप तपासावे.

जानेवारीत पुण्यात सूर्योदय सातनंतर होतो. त्याआधी नव्या वाटेवर, हातात दिवा असला तरी, धावू नये. पावसाळा सरल्यावर वाटेच्या दोन्ही बाजूंचे गवत वाळते आणि त्याची कुसळे आखूड मोज्यांत घुसून पुढचे दोन किलोमीटर टोचत राहतात. त्या दिवसांत घोट्याच्या वर येणारे मोजे घालावेत.

अशी वाट केवळ धावणाऱ्यांसाठी नसते. फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांना मागून अचानक गाठू नये. दहा पावले आधीच ‘काका, उजवीकडून पुढे जातोय’ असे सांगावे आणि ते बाजूला होईपर्यंत वेग कमी करावा. दोन्ही कानांत इअरफोन घालू नयेत. वळण टाळण्यासाठी मधूनच आडवे उतरणे तर कटाक्षाने टाळावे, कारण गवत तुडवले गेले की पावसाचे पाणी त्याच रेषेने वाहू लागते, तिची घळ होते आणि खालची नवी वाट तेथून खचू लागते. अशी ताजी घळ दिसल्यास तिचे छायाचित्र व जवळची खूण टेकडीची देखभाल करणाऱ्या कार्यालयाला पावसाळ्यापूर्वी कळवावी.