टपालानं पाठवायचं पत्र सजवताना

रत्नागिरीच्या मावशीला मी दर आषाढात एक पत्र लिहिते. एका वर्षी हौसेनं पाकिटावरचा पत्ताही शाईच्या पेननं, वळणदार अक्षरात काढला. पाकीट पोचलं तेव्हा घराचं नाव आणि गल्ली निळ्या डागात विरघळून गेली होती. आडनाव आणि पिनकोड तेवढा वाचता येत होता, त्यावरून पोस्टमनकाकांनी घर गाठलं. आतलं पत्र मात्र कोरडं होतं. तेव्हापासून माझा नेम ठरला आहे: नटवायचं ते आतल्या कागदाला, आणि पाकीट लिहायचं ते पाऊस गृहीत धरून.

खाली जी रीत सांगते आहे ती तीन-चार पानी घरगुती पत्राची. वाढदिवस, दिवाळी, बाळाचं बारसं, किंवा काहीच निमित्त नसेल, तरी चालते.

कागद निवडा आणि तोलून पाहा

ए-फोर कागदाच्या निम्मा, म्हणजे ए-फाइव्ह कागद पत्राला फार शोभतो. मधोमध एकच घडी घातली की साधारण ११.४ सेंमी × १६.२ सेंमीच्या पाकिटात तो अलगद बसतो. जाडी १०० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासची घ्या. झेरॉक्सचा ७० जीएसएमचा कागद शाईच्या पेनाला पुरत नाही. अक्षर मागच्या बाजूला उमटतं आणि पान मळकट दिसतं.

हातकागद वापरायचा असेल तर आधी त्याच्या कोपऱ्यावर आपल्या पेननं दोन शब्द लिहून पाहा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा काही शतकांची आहे, पुण्यातही हातकागद मिळतो. दिसायला देखणा असला तरी काही हातकागदांवर शाई फुटते. तसं झालं तर जेल पेन घ्या, किंवा तो कागद पाकिटासाठी राखून ठेवा.

वजनाचा हिशोब सोपा आहे. १०० जीएसएमचं ए-फाइव्ह पान साधारण ३ ग्रॅमचं असतं आणि पाकीट ४-५ ग्रॅमचं. साध्या टपालाला पहिल्या २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचं तिकीट लागतं, म्हणजे चार पानं निर्धास्त जातात. तिकीट कमी पडलं तर भुर्दंड घेणाऱ्याच्या माथी बसतो. शंका वाटली तर पोस्टातल्या काट्यावर पाकीट तोलून घ्या.

आखणी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मोडी, म्हणजे मराठीची जुनी जलद लिपी, लिहिणारे कारकून आधी पानभर आडवी रेघ ओढत आणि मग तिला अक्षरं टांगत जात. जुने कागद इतके देखणे दिसतात त्यात या सरळ, समांतर रेघांचा मोठा वाटा आहे. देवनागरीचंही तसंच आहे. आपलं अक्षर रेघेवर बसत नाही, रेघेला लोंबतं. त्यामुळे एकेक अक्षर जेमतेम असलं तरी शिरोरेघा सरळ असतील तर पान नीटनेटकं दिसतं. अक्षर चांगलं नाही म्हणून पत्र न लिहिणाऱ्यांना मी आधी आखणीच करायला लावते.

कोऱ्या कागदावर रेघा मारू नका. एका वेगळ्या कागदावर काळ्या स्केचपेननं ठळक रेघा आखा आणि तो लिहायच्या पानाखाली ठेवा. त्या वरून पुसट दिसतात. दिसल्या नाहीत तर दिवसा खिडकीच्या काचेवर धरून लिहायच्या पानावर पेन्सिलीच्या बारीक खुणा करून घ्या.

दोन रेघांमध्ये ११ मिमी अंतर ठेवा. हे जास्त वाटेल, पण मराठीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असा दोन्हीकडे पसारा असतो. 'पूर्वी'मधला दीर्घ ऊकार खालच्या ओळीतल्या 'मैत्री'च्या मात्रांत अडकला की दोन्ही शब्द वाचताना डोळा अडखळतो. अक्षराची उंची ४-५ मिमी राहू द्या.

समास डावीकडे २५ मिमी, उजवीकडे १८, वर ३० आणि खाली २५. एवढं सोडून ए-फाइव्ह पानावर १४ ओळी बसतात. माझ्या अक्षरात हे पानाला साधारण ८० शब्द होतात. तुमचे किती होतात ते एकदा मोजून ठेवा, म्हणजे मजकूर किती पानांत मावेल हे आधीच कळतं. शेवटच्या पानावर दोनच ओळी उरणं मला फार खटकतं. तसं होणार असेल तर मी कच्च्या मसुद्यातच काटछाट करते किंवा आणखी एक आठवण घालते.

पान आधी घडी घालून उघडून घ्या. घडीवर येणारी ओळ सोडून द्या. तिथली शाई घासली जाते आणि चित्र असेल तर मोडतं.

मायना हीच आपली नक्षी

रोमन लिपीत पहिलं अक्षर मोठं काढून पान सजवतात. आपल्याकडे मोठी लिपी, लहान लिपी असा भेद नाही, पण वर मधोमध येणारा 'श्री' आहे. सजवायचं असेल तर तो सजवा. दोन ओळींइतका उंच, गेरूच्या रंगात किंवा शेंदरी शाईत, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा. मग उजवीकडे गाव आणि तारीख, डावीकडे मायना, म्हणजे पत्राच्या सुरुवातीचं संबोधन. मावशीला 'ती. मावशीस, शि. सा. न.' (तीर्थस्वरूप, शिरसाष्टांग नमस्कार), मैत्रिणीला 'स. न. वि. वि.' (सप्रेम नमस्कार, विनंती विशेष), भाच्याला 'चि.' (चिरंजीव) आणि 'अनेक उत्तम आशीर्वाद'. ही संक्षिप्त रूपं पानावर फार सुरेख दिसतात. ती मजकुरापेक्षा किंचित मोठी काढा आणि खाली एक ओळ रिकामी सोडा.

शेवटालाही असंच महत्त्व द्या. शिवकाळात पत्र संपलं तिथे 'मर्यादेयं विराजते' अशी मुद्रा उमटवत, म्हणजे त्यापुढे कुणाला काही घुसवता येत नसे. आपणही एक छोटी खूण ठरवावी. खोडरबरावर कोरलेलं तुळशीचं पान, आपल्या नावाचं पहिलं अक्षर, काहीही. दर पत्राच्या शेवटी तीच खूण उमटली की ती तुमची होऊन जाते. 'ता. क.'साठी तिच्याखाली दोन बोटं जागा ठेवा, कारण खरी बातमी पुष्कळदा तिथेच सांगायची राहिलेली असते.

लिहायला बसल्यावर

आधी रद्दी कागदावर पूर्ण मसुदा लिहा. मग शब्दाची अक्षरं काढून झाल्यावर शिरोरेघ द्या, शाळेत शिकवलं होतं तशी. प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ दिली तर शब्द तुटक दिसतो. हाताखाली टीपकागद असू द्या, घामानं शाई पसरत नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ मारून पुढे जा. पांढऱ्या रंगाचा लेप लावलेलं पान मला कधीच चांगलं वाटलं नाही.

रंग दोनच वापरा: मजकुराला निळा-काळा, आणि श्री, तारीख, खूण यांना दुसरा. सबंध पत्र लाल शाईत लिहू नका, वडीलधाऱ्यांना ते रुचत नाही.

सजावट किती?

एका पानावर एकच जागा. ठिपक्यांची रांगोळी येत असेल तर खालच्या डाव्या कोपऱ्यात चार-चार ठिपक्यांचा छोटा नमुना काढा. वहीत दाबून वाळवलेलं बकुळीचं फूल घातलंत तर आणखी उत्तम: ते चपटं राहतं, वजन जवळपास नाहीच, आणि सुकल्यावरही वास टिकतो. परदेशी जाणाऱ्या पत्रात मात्र फुलं-पानं-बिया घालू नका, अनेक देशांत त्यांना मनाई आहे.

जुनाट दिसावं म्हणून कागदाच्या कडा फाडण्याची, कोपरे जाळण्याची कल्पना बऱ्याच जणांना आवडते. घरातल्या मोठ्या माणसांना लिहिताना ती टाळाच. आपल्याकडे कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे दुःखाची बातमी, आणि कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं म्हणजे मंगलकार्य. मंगल निमित्त असेल तर चार कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं लावा, त्याहून सुंदर सजावट मला माहीत नाही. ओलं बोट लावून पूर्ण वाळू द्या, नाहीतर घडीत पिवळे डाग पडतात.

पाकीट

पत्ता बॉलपेननं किंवा पाण्यानं न फुटणाऱ्या शाईनं लिहा. पावसाळ्यात वरून पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा हलक्या हातानं फिरवा. पत्ता उजव्या बाजूला, तिकीट उजव्या वरच्या कोपऱ्यात, आपला पत्ता मागे. महाराष्ट्राबाहेर जाणार असेल तर गाव आणि राज्य इंग्रजीतही लिहा.

पिनकोड इंग्रजी आकड्यांत, सुटा आणि ठसठशीत. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची, जे संस्कृत कवीही होते. सहा आकड्यांतले शेवटचे तीन थेट पोस्ट ऑफिसपर्यंत नेतात, म्हणून त्यांच्यावर वेलबुट्टी नको. टाचणी, स्टेपल, चमकी, लाखेची जाड मोहोर हे सगळं पाकिटावर नको; शिक्क्याच्या यंत्रात ते अडकतं.

मोठ्या पोस्टातल्या फिलाटेली, म्हणजे तिकीटसंग्राहकांच्या, खिडकीवर विशेष तिकिटं मिळतात. वाचणाऱ्याच्या आवडीचं पक्ष्याचं किंवा किल्ल्याचं तिकीट शोधा आणि शिक्का हातानं, स्वच्छ मारून द्याल का, असं विचारा. पोचल्याची खात्री हवी असेल तर स्पीड पोस्ट करावं लागतं. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टही त्यातच मिसळलं आहे. त्याचं बारकोडचं लेबल लागतं, तेव्हा पाकिटावर तेवढी जागा कोरी ठेवा.

शेवटची एक गोष्ट मी मावशीच्या पत्रात हमखास करते. माझा पत्ता लिहिलेलं अडीच रुपयांचं कोरं अंतर्देशीय (घडी घालून चिकटवलं की स्वतःच पाकीट होणारा निळा कागद) आत घालते, म्हणजे तिला पोस्टात जावं लागत नाही. त्या निळ्या कागदाच्या चिकटवायच्या पट्टीपर्यंत ती लिहीत जाते. म्हणून तिचं उत्तर आलं की मी ते बोटानं फाडत नाही, कात्रीनं कडेकडेनं कापते.