ऑनलाइन पोकरमध्ये जिंकलेल्या रकमेवरील कर कसा भरावा

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्याला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि पोकरची ॲप्स बंद पडली. मात्र त्याआधी जिंकलेल्या पैशांवरील कर त्यामुळे टळलेला नाही. 1 एप्रिल 2025 नंतरची अशी कमाई 2025-26 या आर्थिक वर्षाच्या विवरणपत्रात दाखवावीच लागते.

ॲपच्या कंपनीकडून खात्याचा वर्षभराचा उतारा आताच मागून घ्यावा. फॉर्म 26एएस (तुमच्या नावे कापलेल्या कराची नोंद) आणि एआयएस (वर्षभराच्या उत्पन्न-व्यवहारांची माहिती) आयकराच्या संकेतस्थळावर मिळतात.

खरी कसोटी आहे ती निव्वळ जिंकलेली रक्कम काढताना. पहिल्या वर्षी, म्हणजे 2023-24 साठी, मी बँकेच्या पासबुकातील आकडे घेऊन हिशेब केला आणि तो चुकला, कारण बँकेत येणारी रक्कम टीडीएस, म्हणजे कंपनीने आधीच कापलेला कर, वजा होऊन आलेली असते. शिवाय 31 मार्चला ॲपमध्ये पडून असलेले पैसे मी धरलेच नव्हते. विभागाची नोटीस आली, आणि दुरुस्तीत दोन महिने गेले. म्हणून पासबुक बाजूला ठेवा. वर्षात काढलेली एकूण रक्कम, टीडीएस कापण्यापूर्वीची, घ्यावी. तीत वर्षअखेरची शिल्लक मिळवावी. मग स्वतःच्या खिशातून भरलेले पैसे आणि वर्षारंभीची शिल्लक वजा करावी. समजा, 1 एप्रिलला खात्यात 5,000 रुपये होते, तुम्ही 40,000 भरले, 82,000 काढले आणि शेवटी काही उरले नाही, तर निव्वळ रक्कम 37,000 होते. त्यावर 11,100 टीडीएस कापला गेल्याने बँकेत 70,900 येतात; त्यातून 40,000 वजा करून 30,900 ही ‘कमाई’ लिहिणारे लोक मी दरवर्षी पाहतो. वर्षारंभीच्या शिल्लकीवर मागच्या मार्चमध्येच कर लागलेला असतो, म्हणून ती वजा करायला विसरू नये.

‘टीडीएस कापला, आता काही देणे नाही’ हा सल्ला चुकीचा आहे. आयकर कायद्याच्या कलम 115बीबीजेनुसार ऑनलाइन खेळांतील कमाईवर कर 30 टक्के असतो आणि त्यावर 4 टक्के उपकर लागतो, तर कलम 194बीएखालील टीडीएसमध्ये हा उपकर नसतो. वरील उदाहरणात 444 रुपये स्वतः भरावे लागतात. ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हेही येथे लागू नाही, कारण नव्या करप्रणालीत या विशेष दराच्या उत्पन्नाला कलम 87ए ची करसवलत मिळत नाही. इंटरनेटचा किंवा लॅपटॉपचा खर्च वजा होत नाही आणि हरलेले पैसे पगाराच्या उत्पन्नातून वळते करता येत नाहीत. कोणी असे करून देतो म्हणाला, तर त्याच्याकडून विवरणपत्र भरून घेऊ नये.

विवरणपत्राचा आयटीआर-1 हा फॉर्म यासाठी चालत नाही. पगारदारांनी आयटीआर-2 घ्यावा आणि ही रक्कम ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या परिशिष्टात 115बीबीजेसमोर लिहावी. तेथे ती कोणत्या कालावधीत मिळाली हेही विचारले जाते; 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च या तारखांपर्यंतचे आकडे उताऱ्यावरून आधीच काढून ठेवावेत.

टीडीएसचे आकडे 26एएसशी ताडून पाहावेत, उरलेला कर भरावा आणि विवरणपत्र सादर केल्यापासून 30 दिवसांच्या आत त्याची ई-पडताळणी करावी.